मासेमारीचं सामान नेमकं किती असावं? बॅग फार जड झालीय

काठावरचा:

नमस्कार मंडळी. मला गळ टाकायला लागून दोन वर्षं झाली, आठवड्यातून एक सकाळ, बहुतेक वेळा तळं किंवा नदी, समुद्रावर वर्षातून तीनचारदा. सुरुवात एका रॉडने केली होती आणि आता माझ्याकडे ४ रॉड आहेत, ३ रील, लूरचे (नकली आमिषांचे) डबे काल मोजले तर ६३ लूर निघाले, गळांची पाकिटं किती ते तर मोजायचंच सोडून दिलं.

विचारायचं कारण असं की गेल्या खेपेला पहाटे पोचलो, पाण्यावर मासे उसळत होते, अगदी काठाजवळ, आणि मी बॅगेत स्विव्हल (लाइनला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी) शोधत बसलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. लाइन बांधून होईपर्यंत ऊन वर आलं आणि पाणी शांत झालं. त्या दिवशी मी प्रत्यक्षात वापरलं काय तर एक रॉड, दोन लूर आणि नंतर गांडूळ लावून एक फ्लोट. बाकी सगळं नुसतं खांद्यावर नेलं आणि परत आणलं. मला त्या सकाळचं अजून वाईट वाटतंय.

वडील माझे एका काठीवर मासे धरायचे, काठीच्या लांबीएवढीच लाइन, एक गळ, पिसाच्या काडीचा फ्लोट, बस. त्यांना मी कधी काही शोधताना बघितलेलं नाही. मला तेवढं कमी करायचं नाहीये, लूर फेकायला मला मनापासून आवडतं, पण मधे कुठेतरी थांबायला हवं ना.

त्यात सध्या बेटकास्टर रील (जिचा स्पूल आडवा फिरतो ती) घ्यावी असं फार वाटतंय. आणि एक मित्र पुढच्या सीझनला शिकारीला सोबत चल म्हणतोय (तो राहतो तिथं रीतसर परवाना काढून करता येते), त्याने पाठवलेली सामानाची यादी दोन पानांची आहे. तेव्हा दोन्हीबद्दल सांगा, खरंच काय लागतं आणि काय नाही, आणि हे ठरवायचं कसं?

जुनाजाळ्या:

चांगला प्रश्न विचारलात, आणि ती सकाळ गेली याचं वाईट वाटणं अगदी बरोबर आहे कारण तशी वेळ दिवसात एकदाच मिळते.

मी तीसेक वर्षं हे करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सामान किती हा प्रश्न नंतरचा, आधी तीन गोष्टी एका कागदावर लिहा, कुठला मासा, कुठलं पाणी, आणि काठावरून की होडीतून. ह्या तिन्हीची उत्तरं तुमच्या बाबतीत दहातल्या नऊ खेपांना सारखीच येतील. मग त्या नऊ खेपांसाठी बॅग भरायची, दहाव्यासाठी नाही. आपण उलट करतो, कधीतरी मोठा मासा लागला तर, कधीतरी खोल पाणी मिळालं तर, असं म्हणत म्हणत भरत जातो.

गोड्या पाण्यात काठावरून साधारण एक ते चार किलोच्या माशांसाठी ७ फुटी मीडियम पॉवरचा रॉड, २५०० किंवा ३००० साइजची स्पिनिंग रील आणि ८ ते १० पौंडांची साधी नायलॉनची लाइन (मोनो) एवढ्यात बहुतेक सगळं होतं. ७ फूट का, तर त्यापेक्षा लांब रॉडने फेक लांब जाते पण झाडाखाली उभं राहून फेकता येत नाही, आणि आखूड रॉड झाडाखाली सोयीचा पण फेक कमी. ७ हा दोन्हीकडचा मधला आकडा आहे. साधी मोनो लाइन का, तर ती ताणली जाते, मासा अचानक उसळला तर तो ताण तुमची चूक पोटात घेतो. ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे खोलात हलका झटका पण हाताला कळतो, पण ड्रॅग (किती ओढीला लाइन सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट ठेवला असेल तर तोंड फाटून मासा सुटतो किंवा गाठ सुटते. फ्लोरोकार्बन पाण्यात कमी दिसते आणि लवकर बुडते म्हणून तिचा फूट-दोन फूट तुकडा पुढे लीडर म्हणून लावायला चांगली, सगळा स्पूल (रीलवर लाइन गुंडाळलेली असते ती फिरकी) तिने भरायची गरज नसते.

रील घेताना लोक बेअरिंग मोजतात. अहो बेअरिंग चार असोत नाहीतर दहा, ड्रॅग गुळगुळीत सुटतो का आणि हँडल फिरवताना डगमगतं का ते बघा. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांशावर लावायचा, म्हणजे १० पौंडांची लाइन असेल तर अडीच ते तीन पौंड ओढीला लाइन सुटायला लागली पाहिजे. घरात वजनकाट्याला बांधून एकदा ओढून बघा. मासे तुटण्याच्या निम्म्या तक्रारी मला वाटतं इथेच मिटतात, नवीन रील न घेता.

आता बेटकास्टर. ती वाईट नाही, जड लूर अचूक टाकायला आणि जाड लाइनला उत्तम. पण हलका लूर, म्हणजे ५-७ ग्रॅमच्या खालचा, तिच्यावरून नीट जात नाही, स्पूल लाइनच्या पुढे फिरतो आणि लाइनचा गुंता होतो. तुमचे ६३ लूर वजनावर टाका. बहुतेक दहा ग्रॅमच्या आतले असतील तर ती रील तुमच्यासाठी नाही. पंधरा-वीस ग्रॅमचे लूर तुम्ही खरंच नेहमी फेकत असाल, तर खुशाल घ्या.

लूरचं मी असं करतो. पाण्याचे तीन थर धरा, वर, मधे, तळ. प्रत्येक थराला एक आकार, आणि प्रत्येक आकार दोन रंगात, एक फिका चंदेरी स्वच्छ पाण्यासाठी, एक गडद गढूळ पाणी आणि संधिप्रकाशासाठी. झाले सहा. तळाचे अडकून तुटतात म्हणून त्यांचे दोनतीन जास्त. नऊ लूर, एक डबा, शर्टाच्या खिशात बसतो.

आणि ठरवायचं कसं म्हणाल तर चादर. घरी मोठी चादर अंथरा, सगळं सामान तिच्यावर काढा, सगळं म्हणजे सगळं. मग पुढच्या प्रत्येक खेपेनंतर जे हातात आलं तेवढंच एका रिकाम्या डब्यात टाकायचं. आठदहा खेपांनी तो डबा म्हणजे तुमची बॅग. बाकीचं लगेच विकू नका, कपाटात ठेवा, एक वर्षभर आठवण आली नाही तर मग द्या कुणाला.

खारंपाणी:

जुनाजाळ्या दादांचं बरंचसं पटलं पण चादरीच्या हिशोबात एक गोची आहे. वापरलं नाही म्हणजे नको, असं प्रत्येक वस्तूला लावता येत नाही. माझं सगळं समुद्रावर असतं, खडकावरून, आणि माझ्या बॅगेत अशा चार वस्तू आहेत ज्या मी वर्षानुवर्षं वापरल्या नाहीत आणि कधी वापरायला लागू नयेत असंच वाटतं. लाइफ जॅकेट, पट्टीचं सामान, हेडलॅम्प आणि गळ कापता येईल अशी मजबूत पक्कड. तीन टोकांचा गळ तळहातात पार आत गेला तर तो मागे ओढून निघत नाही, टोकाजवळचा उलटा काटा मांसात धरतो. पक्कडीने गळ लूरपासून वेगळा कापून आधी तो लोंबता लूर बाजूला करायचा, आणि खोल असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर हात न लावता सरळ डॉक्टर. माझ्या सोबतच्या मुलाच्या अंगठ्यात गेला होता, आमच्या दोघांकडे मिळून सोळा-सतरा पॉपर (पाण्याच्या वर चालणारे लूर) होते आणि गळ कापणारी पक्कड एकाकडेही नव्हती. दीड तास तो लूर हाताला लटकवून गाडीत बसला होता. त्या दिवसापासून पक्कड कमरेला असते.

अजून एक, कार्बन फायबरचा रॉड वीज वाहून नेतो. वरून तारा जात असतील तिथे रॉड उभा धरून चालायचं नाही, आणि ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून उघड्यावरून निघायचं. कितीही मासे लागत असू देत.

सुटं सामान पण मी दुप्पट ठेवतो, रील दुप्पट नाही. म्हणजे गळ, स्विव्हल, लीडर, आणि लाइन भरलेला एक जादा स्पूल. खडकात लाइन घासून गेली की जादा स्पूल दोन मिनिटात बदलता येतो, त्यासाठी दुसरा रॉड खांद्यावर नको. ब्रेड, म्हणजे ब्रेडेड लाइन, भरणार असाल तर खाली आधी थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी ब्रेड घसरून फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. एका ओळखीच्याने ह्याच कारणाने चांगली रील बदलली होती.

आणि समुद्रावरून आल्यावर रॉडच्या कड्या आणि रील गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा, जोरात फवारा नको, मीठ आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग घट्ट, वाळल्यावर ठेवताना सैल. हे केलं तर तीन रील लागणारच नाहीत, एकच खूप वर्षं जाते.

पहाटवारा:

मी फक्त एक मुद्दा. ४ रॉड असणं चूक नाही, चारही एका वेळी नेणं चूक आहे. घरी कितीही असूद्या, हौस आहे, ती असलीच पाहिजे. मी काठावर एकच नेतो आणि घरून निघतानाच लाइन कड्यांतून ओवून स्विव्हलला क्लिप लावून ठेवतो. पोचलो की पाण्यात. काठावरचा दादा, तुमची सकाळ सामान जास्त होतं म्हणून गेली तशी ती बांधणी घरी केली नव्हती म्हणूनही गेली.

रानवाट:

शिकारीच्या यादीबद्दल मी लिहितो, कारण इथे बाकी कोणी करत नसावं. मी राहतो तिथे परवाना, ठरलेला सीझन, ठरलेली संख्या, सगळं असतं. तेव्हा यादीतली पहिली वस्तू म्हणजे तिथल्या नियमांचं पुस्तक, त्या वर्षीचं. त्यात काय घालायचं, काय चालतं, काय चालत नाही ते लिहिलेलं असतं आणि निम्मी यादी तिथेच ठरते. कित्येक ठिकाणी भडक केशरी जॅकेट किंवा टोपी सक्तीची असते. हरणाला लाल-केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो, त्यामुळे ते घालायला अजिबात का कू करू नका.

पहिल्या वर्षी तुम्ही सोबत जाताय, म्हणजे खरं तर बघायला शिकायला जाताय. मग तीन गोष्टींवर खर्च करा. बूट, दुर्बीण, आणि अंगावरचे थर. बूट दोन महिने आधी घेऊन रोज वापरा, नव्या बुटाने पहिल्याच दिवशी टाच सोलली की पुढचे दिवस तंबूत. दुर्बीण ८x४२ घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे, भागाकार केला की साधारण सव्वापाच येतो, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो. १०x४२ ला तो ४.२ होतो, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा जनावर हलतं नेमकं तेव्हा, चित्र जरा अंधारं, आणि हात थरथरला तर तेही दहापट. जंगल दाट असेल तर ८ पुरे. उघड्या डोंगरावर लांबचं बघायचं असेल तर १० ठीक.

कपड्यात सुती नको. सुती कपडा घामाने भिजला की अंगाला गार पडतो आणि वाळत नाही. लोकरीचं भिजलं तरी ऊब धरतं. महागडी कॅमोफ्लाज डिझाइन घेण्यात लोक फार पैसे घालवतात, पण हरीण तुम्हाला पकडतं ते हालचालीवरून आणि वासावरून. आणि एक बारीक गोष्ट, कपडे 'चमकदार पांढरे' करणाऱ्या पावडरीने धुवू नका, त्यात जे असतं ते निळसर आणि अतिनील प्रकाशात चमकतं आणि हरणाला त्या बाजूचे रंग आपल्यापेक्षा चांगले दिसतात. म्हणजे हजारो खर्चून घेतलेलं कॅमोफ्लाज चुकीच्या साबणाने वाया.

वास मारायचे स्प्रे, पावडरी, पिशव्या, मी सगळं करून बघितलं, आता काही नेत नाही. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवतो, दाबली की वारा कुठे जातोय ते दिसतं, आणि त्याप्रमाणे जागा बदलतो. वारा पाठीवर असेल तर कुठलाच स्प्रे कामाचा नाही.

चाकू एकच, तीन-चार इंचाचं पातं, धार उत्तम. सहा चाकू बोथट असण्यापेक्षा बरं. दोरी, हेडलॅम्प आणि जादा बॅटरी, नकाशा, पाणी, पट्टी. आणि जनावर पडल्यानंतरचं सामान लोक विसरतात, हातमोजे, मांस ठेवायच्या हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या, पाठीवर वाहायची फ्रेम. खरं ओझं तेव्हा सुरू होतं, म्हणून जाताना पाठ हलकी हवी.

बंदुकीबद्दल एवढंच की तुम्हाला सध्या नको. मित्राच्या देखरेखीखाली रेंजवर सराव करा. जिच्यावर निशाणा बसवला आहे तीच गोळी, तोच ब्रँड, तेच वजन शिकारीला वापरायचं असतं, गोळी बदलली की निशाणा सरकतो. त्यामुळे दुसरी दुर्बीण, तिसरा स्कोप ह्यात घालवण्यापेक्षा तो पैसा सरावाच्या गोळ्यांत घालावा. जखमी होऊन पळालेलं जनावर शोधत रात्रभर फिरलोय मी एकदा, सापडलं नाही. त्यानंतर माझं हे मत पक्कं झालं.

मासोळीताई:

मी मुलांना गळ टाकायला शिकवते, एका वेळी आठदहा मुलं असतात, त्यामुळे कमी सामानात काम कसं भागतं हे मला रोज दिसतं. आमचा एक संच म्हणजे रॉड, रील, एक छोटी डबी. डबीत दोन मापाचे गळ, फ्लोट, वजनं, स्विव्हल. गळाच्या नंबरांचा लोक घोळ करतात म्हणून सांगते, साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १० नंबर ४ नंबरापेक्षा बारीक, आणि १/० च्या पुढे उलट, ३/० हा १/० पेक्षा मोठा. हा घोळ कळला नाही म्हणून कितीतरी जणांकडे न लागणारी पाकिटं पडून असतात.

गळाचा तो उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट करते. लाइन ताठ ठेवली तर मासा सुटत नाही, सोडायचा असेल तर पटकन सुटतो, आणि मुलाच्या बोटात गेला तर निघतो तरी.

दुसरं म्हणजे शिशाची वजनं काढून टाका हो. पाणपक्षी तळाचे खडे समजून ती गिळतात आणि शिसं अंगात भिनून मरतात. ब्रिटनमधे हंस असेच मरत होते म्हणून १९८७ मधे लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली, आणि अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद झाले. रानवाट, तुमच्या यादीतही हे असूद्या. पोलाद, कथील, टंगस्टन काहीही चालतं, टंगस्टन तर शिशापेक्षा जड असल्यामुळे त्याच वजनाला आकाराने लहान येतं, महाग आहे पण वजनं काही रोज हरवत नाहीत.

आणि कुठलंही नवीन सामान घ्यायच्या आधी दोन गाठी डोळे मिटून यायला हव्यात, क्लिंच आणि पालोमार. बांधताना थुंकी लावून ओली करून हळू आवळायची, कोरडी ओढली तर घासून लाइन तापते आणि तिथेच कमकुवत होते. आमच्याकडे मोठे लोक येतात, मासा तुटला, लाइन जाड हवी म्हणतात, बघितलं तर गाठच सुटलेली असते, टोकाला तो कुरळा तुकडा दिसतो.

काठावरचा:

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला महिना लागला कारण करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

चादर अंथरली. पाच खेपा झाल्या. डब्यात आलेले लूर ७, त्यातले ३ एकाच प्रकारचे, मधल्या थराचे. बाकीचे ५६ पाण्यात गेलेच नाहीत. लूर वजन केले, दोन सोडले तर सगळे दहा ग्रॅमच्या आत, म्हणून बेटकास्टर आत्ता घेत नाहीये. ड्रॅग काट्याला लावून बघितला तर ७ पौंडांवर लाइन सुटत होती, १० पौंडांच्या लाइनला! म्हणजे मागच्या उन्हाळ्यात जे दोन चांगले मासे तुटले ते का, ते आता कळलं. ते कळल्यावर खूप वेळ तसाच बसून होतो.

खारंपाणी, पक्कड घेतली, कमरेला लावतो. लाइफ जॅकेट माझ्याकडे नव्हतंच, ६३ लूर होते आणि ते नव्हतं. आता आहे. पहाटवारा, रॉड घरूनच बांधून नेतो, परवा पोचल्यापासून दोन मिनिटांत पहिली फेक. ताई, शिशाची वजनं बाजूला काढलीत, पोलादी आणली. रानवाट, मित्राला तुमचं सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला दुर्बिणीचं आणि साबणाचं त्यालाही माहीत नव्हतं. बूट घेतलेत, रोज घालून फिरतोय.

दोन रॉड आणि एक रील माझ्या पुतण्याला दिली, तो बारा वर्षांचा आहे, आता माझ्यासोबत येतो.

एक राहिलं. तिन्ही रीलवरची जुनी लाइन काढली तर भलामोठा ढीग झालाय, वळलेली, उन्हाने खडबडीत झालेली. आणि ती शिशाची वजनं पण पडून आहेत. हे टाकायचं कुठे?

जुनाजाळ्या:

उन्हात मोनो सडते, वळ्या पडतात, वर्षाला एकदा बदलावीच. काढलेली कचऱ्यात तशीच गुंडाळी करून टाकू नका, पक्षी आणि लहान जनावरं अडकतात. कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा, बाटलीत भरा, झाकण लावून मग टाका. काही ठिकाणी काठावर किंवा गळाच्या सामानाच्या दुकानात लाइन गोळा करायचा डबा असतो, तो मिळाला तर उत्तम, पण त्यात मोनो आणि फ्लोरोकार्बनच घालायची, ब्रेड घेत नाहीत बहुतेक ठिकाणी. शिसं भंगारवाल्याला द्या किंवा जिथे बॅटऱ्या घेतात तिथे विचारा. घरात वितळवायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. आणि हाताळल्यावर हात धुवा, पुतण्याचेही.

काठावर दुसऱ्याने टाकलेली लाइन दिसली तर ती पण त्याच बाटलीत घ्या. मी छोटी बाटली बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवतो, दर खेपेला निम्मी तरी भरते.

काठावरचा:

करतो. बाटली आजच लावली बॅगेला. रविवारी पुतण्याला घेऊन नदीवर जातोय, डबा एकच, रॉड दोन, एक त्याचा एक माझा.